तासगावच्या बेसवाल्याने विचारलंय, ४५ हजार कुठे घालू?

तासगावच्या एका २३ वर्षांच्या पोराचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "दादा, तीन वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोय. जत्रा, गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम, सगळं करतो. चार तारांचा स्वस्तातला बेस आहे, तारांचा संच तीन वर्षं तोच आहे, आणि बेस कीबोर्डवाल्याच्याच ॲम्पला लावतो. ४५ हजार साठवलेत. ग्रुपमधले सगळे म्हणतात पाच तारांचा ॲक्टिव्ह घे. तो घेऊ, का आधी मोठा ॲम्प घेऊ?"

भावा, आधी उत्तर देतो, कारणं मागून. बेस चार तारांचाच घे, पॅसिव्ह घे. मोठा ॲम्प आत्ता घेऊ नकोस, त्याऐवजी चांगला डीआय बॉक्स घे, म्हणजे बेसचा सूर मिक्सरपर्यंत नीट पोचवणारी छोटी पेटी. आणि यातलं काहीही घ्यायच्या आधी आहे त्या बेसच्या तारा बदल आणि त्याचा सेटअप करून घे, म्हणजे नेक (दांडी) आणि तारांची उंची नीट लावून घे. एवढं करूनही नवा बेस हवासा वाटला तरच दुकानाची पायरी चढ.

पाच तारांचं आधी बोलू, कारण तिथेच सगळ्यांचं अडतं. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर पेटीवरच्या पांढरी तीनचा, म्हणजे ई. त्याची कंपनं सेकंदाला साधारण ४१. पाचवी तार लावली की पांढरी सातपर्यंत खाली जाता येतं, तिथे कंपनं ३१ च्या आसपास. कागदावर हा मोठा फायदा दिसतो. पण तुझा गायक कुठल्या पट्टीत गातो ते बघ. आपल्याकडचे पुरुष गायक बहुतेक काळी एक ते काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार-काळी पाचमध्ये. काळी एकचा सा तुला तिसऱ्या तारेवर, म्हणजे ए तारेवर चौथ्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या पट्टीला) मिळतो, कंपनं ६९. त्याच्या खालचा पंचम ई तारेवर चौथ्याच फ्रेटला. म्हणजे गाण्याचा मुख्य कणा चार तारांत आरामात बसतो. पाचव्या तारेवर हाच सा आणखी एक सप्तक खाली मिळेल, ३५ कंपनांचा. जत्रेतल्या भाड्याच्या १५ इंची स्पीकरमधून तो सूर बाहेर पडतच नाही, त्याच्या हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्याच पटीतले वरचे सूर, तेवढ्या ऐकू येतात. आणि समोर डॉल्बीवाल्याचे १८ इंची बेस स्पीकर लावलेले असले तर तो सूर घुमतो खरा, पण कुठला सूर आहे हे कळत नाही, नुसता गडगडाट होतो.

पाच तारांचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो कुणी सांगत नाही. ऐन कार्यक्रमात गायक म्हणतो, "आज गळा बसलाय, अर्धा सूर खाली घे." मोकळ्या तारांवर विसंबून बसवलेली चाल अशा वेळी कोलमडते. पाच तारा असल्या की हात पाचव्या-सहाव्या फ्रेटपाशी ठेवून तोच आकार एक घर खाली सरकवता येतो. ऑर्केस्ट्रात हे सोन्यासारखं आहे. तरीही तुला आत्ता नको म्हणतोय, कारण या किमतीच्या बेसवर पाचवी तार बहुतेक वेळा ढिली आणि धूसर वाजते. तिला ताण आणि ताठ नेक लागतो, म्हणून काही कंपन्या पाच तारांच्या बेसला ३४ ऐवजी ३५ इंची स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी) देतात. त्याच पैशात एक तार, एक चावी आणि रुंद नेक वाढवायचा म्हणजे बाकीच्या चार तारांच्या वाट्याचं काहीतरी कमी होणार. मोकळ्या तारा न वापरता काळी एकमध्ये वाजवायची सवय लाव. दोन महिन्यांत अर्धा सूर खाली-वर करणं चार तारांवरही जमतं.

आता ॲक्टिव्ह-पॅसिव्ह. ॲक्टिव्ह म्हणजे बेसच्या पोटात एक छोटा प्रीॲम्प (सूर पुढे पाठवण्याआधी सुधारणारं सर्किट) आणि ९ व्होल्टची बॅटरी. पॅसिव्ह म्हणजे हे दोन्ही नसलेला. त्याने बेस जास्त जोरात वाजतो हा गैरसमज आहे. त्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी. एक, बेसवरच ट्रेबल-बेस, म्हणजे वरचे आणि खालचे सूर, वाढवता येतात. दोन, लांब केबल लावली तरी वरचे सूर मरत नाहीत. पॅसिव्ह बेसला १० मीटर केबल लावलीस तर आवाज दबल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. पण ॲक्टिव्हची केबल बेसमध्ये खोचलेली राहिली की बॅटरी चालूच राहते. गाडीत बेस टाकताना केबल तशीच ठेवत गेलास तर एखाद्या रात्री तिसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागतो आणि मग गायब. माझ्यावर ही वेळ कवठेमहांकाळकडच्या एका जत्रेत आली. गावात रात्री अकराला चौकोनी बॅटरी कुठे मिळणार? शेवटी माइक तपासायच्या एका यंत्रातून काढली. ज्या वादकाला रोज वेगळ्या गावात, वेगळ्या जनरेटरवर वाजवायचंय त्याच्या हातात बिघडायला कमीत कमी गोष्टी असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. ॲक्टिव्ह घ्यायचाच असेल तर पॅसिव्हवर टाकायचं बटण असलेला घे.

पिकअपबद्दल, म्हणजे तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागाबद्दल, इथेच सांगतो, कारण जनरेटरशी त्याचा थेट संबंध आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून ते नाव. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचं पिकअप आलं. ते दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे बाहेरून आलेली घूं-घूं आपोआप कटते. १९६० च्या जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीची, पिकअप आहेत. दोन्ही पूर्ण उघडे असतील तर तेही शांत, पण एक कमी केलं की घूं सुरू. स्टेजवर डिमर, एलईडी पार दिवे आणि शेजारी जनरेटर असताना हा फरक फार मोठा असतो. म्हणून तुला प्रिसिजन पद्धतीचं किंवा प्रिसिजन आणि जॅझ अशी जोडी असलेलं पिकअप सुचवतो (घूं आली तर जॅझचं बंद करायचं). यामाहाचा टीआरबीएक्स १७४ असाच आहे, पॅसिव्ह, जोडी पिकअपचा. स्क्वायरच्या ॲफिनिटीत प्रिसिजन मिळतो. आयबानेझचा जीएसआर २०० हासुद्धा जोडी पिकअपचाच, फक्त त्याच्यात बेस वाढवायचं एक ॲक्टिव्ह बटण आहे. ते बटण शून्यावर ठेवून वाजवायची तयारी असेल तर तोही चांगला. नाव कुठलंही असो, तिन्ही हातात घेऊन उभ्याने वाजव. बसून वाजवताना सगळेच बेस हलके वाटतात. तू साडेतीन तास उभा असतोस. पट्टा गळ्यात अडकव, दोन्ही हात सोड आणि बघ नेक जमिनीकडे झुकतो का. झुकला तर डावा हात रात्रभर वाजवण्याऐवजी बेस सांभाळत बसणार.

बेस घरी एकटा ऐकून निवडू नकोस, हे मी इतकं का सांगतो त्याचं कारण एक रविवार आहे. सांगलीत विश्रामबागेत एका मित्राच्या घरी आम्ही चार बेसवाले जमलो होतो. तीन बेस होते: एक साठ हजारांच्या वरचा ॲक्टिव्ह, एक मधला, आणि एक अठरा हजारांचा पॅसिव्ह प्रिसिजन. एकजण वाजवायचा, बाकीचे भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. नुसता बेस वाजला तेव्हा तिघांनीही महागड्याला पसंती दिली. काय तो खर्ज, काय ती चकाकी. मग कीबोर्डवाला बसला आणि ऑक्टापॅडवर ढोलकीचा ठेका सुरू झाला. तोच महागडा बेस, तोच वादक, आणि बेस कुठे गेला ते कळेना. त्याचा खर्ज ढोलकीच्या बायात (जाड आवाजाच्या बाजूत) विरघळला, चकाकी कीबोर्डच्या स्ट्रिंग्जखाली झाकली गेली. अठरा हजारांचा वाजला आणि प्रत्येक ठोका ठणठणीत कानावर आला. दोघांनी भिंतीकडे तोंड असतानाच बोट वर केलं. महागडा वाईट होता असं नाही. त्याच्या मालकाने त्याचा मिड (मधले सूर) पार खाली आणि बेस-ट्रेबल वर ठेवलं होतं, कारण घरी एकट्याने वाजवताना ते गोड लागतं. मिड वर केल्यावर तोही पुढे आला. पण त्या दिवसापासून कुणी मला "याचा टोन कसाय?" विचारलं की मी विचारतो, कुणाबरोबर वाजवताना?

यावरून निघणारी गोष्ट लगेच करून बघता येते. पुढच्या कार्यक्रमात बेसचं बटण थोडं कमी कर, मिड थोडा वाढव. ढोलकीचा बाया आणि तुझा खर्ज एकाच जागेसाठी भांडतात, तिथून तू जरा सरक. आणि कीबोर्डवाल्याशी बोल. आपल्याकडे बेसवाला नसलेल्या पार्ट्यांची सवय असल्याने कीबोर्डवाल्याचा डावा हात आपोआप बेस भरतो. तुम्ही दोघं एकच सूर वेगवेगळ्या ठिकाणी वाजवत असाल तर पाच तारा काय आणि पन्नास हजार काय, आवाज चिखलच होणार. चहाच्या टपरीवर शांतपणे सांग, मुखड्यात डावा हात मोकळा ठेव म्हणून. भांडणाचा विषय नाही तो.

आता तारा आणि सेटअप. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी बसलायस का? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या आधीपासून पिढ्यानपिढ्या तिथे हेच काम चालतं. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानशीने अगदी केसभर घासतो, तार छेडतो, ऐकतो, तारेखालचा सुताचा जीव थोडा सरकवतो, पुन्हा छेडतो. एका तारेला कधी अर्धा तास जातो. तारेने घोडीला किती आणि कुठे स्पर्श करायचा, एवढ्यावर सगळा आवाज ठरतो. तंबोऱ्याला हवी असलेली झंकार बेसवर झाली की आपण तिला फ्रेट बझ म्हणतो आणि वैतागतो, पण मूळ कारण तेच आहे: तार जिथे टेकायला नको तिथे टेकते. मी बेसचा सेटअप शिकलो तो या गल्लीत बसून ऐकायला शिकल्यावर.

तुला घरी करता येईल असं सांगतो. ई तार पहिल्या फ्रेटवर दाब आणि त्याच वेळी नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाब. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधे लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी फट राहिली पाहिजे, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घट्ट, अजिबात नसेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग रात्रभर तसाच ठेव. रॉड जड लागला तर जोर लावू नकोस, जाणकाराकडे ने. नंतर बाराव्या फ्रेटला ई तारेची उंची बघ, दोन ते अडीच मिलिमीटर ठीक. शेवटी बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून काढलेली हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघ. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घे. हे सगळं ॲम्प लावून ऐक. नुसत्या तारेवर ऐकू येणारी थोडी खरखर स्पीकरमधून येतच नाही, ती मारायच्या नादात लोक तारा उगाच उंच करतात आणि बोटं फोडून घेतात.

आपल्या भागात हे वर्षातून दोनदा करावं लागतं. जुलै-ऑगस्टच्या कृष्णाकाठच्या दमट हवेत लाकूड पाणी पितं, एप्रिल-मेच्या उन्हात वाळतं, आणि नेक त्याप्रमाणे हलतो. बेस भिंतीला टेकवून, पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस.

तारांचं म्हणशील तर तीन वर्षं एकच संच चालवलायस, असं तूच लिहिलंयस. राउंडवाउंड तारांना (ज्यांच्यावर गोल तारेचं वेटोळं असतं) तेवढ्या काळात घाम आणि धूळ लागून त्या मेलेल्या असतात, आणि त्या नीट ट्यूनही होत नाहीत. ४५ ते १०५ जाडीचा साधा निकेलचा संच दोन-अडीच हजारांत येतो. तो लावल्यावर तुझा बेस ओळखू येणार नाही. याला अपवाद फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्याच्या गुळगुळीत तारांचा. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड लावायचा आणि त्या सहसा बदलायचाच नाही. तो बुजलेला, गोल ठोका त्याला हवाच होता. जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम जास्त असेल तर फ्लॅटवाउंड खरंच विचारात घे, महाग असल्या तरी वर्षानुवर्षं चालतात. लावणी आणि नवी गाणी जास्त असतील तर राउंडवाउंडच.

आता ॲम्प. तू आत्ता कीबोर्डच्या ॲम्पला लावतोस ते कमी आवाजात चालतं, कारण तो सगळ्या सुरांसाठी बनवलेला असतो. लीड गिटारच्या ॲम्पला मात्र लावू नकोस, त्याचा स्पीकर बेसचा झोत सहन करायला केलेला नसतो, त्याचा पडदा फाटू शकतो. मोठा ॲम्प घ्यावासा वाटतो हे समजतं मला, पण हिशोब बघ. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला जवळपास दहापट वॉट लागतात. म्हणजे ४० वॉटवरून ६० वर जाण्यात काही हाती लागत नाही, आणि ढोलकी-ड्रमच्या वर उठायला २०० च्या पुढे जावं लागतं. तेवढा ॲम्प टेम्पोत चढवणार कोण? तुझ्या कार्यक्रमात लोकांपर्यंत आवाज साउंडवाल्याच्या स्पीकरमधूनच जातो. मग त्याच्या मिक्सरमध्ये तुझा सूर नीट पोचवणं हेच खरं काम.

पॅसिव्ह बेस सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये खोचला की आवाज पातळ आणि दबलेला येतो, कारण पिकअपला जितका मोठा इनपुट रोध लागतो तितका तिथे नसतो. डीआय बॉक्सचा इनपुट बेसला सोसतो, आणि पुढे बॅलन्स्ड एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलने ३० मीटरवरच्या मिक्सरपर्यंत सूर खरखर न लागता जातो. त्यातही टोनची बटणं असलेला प्रीॲम्प-डीआय मिळाला तर तुझा आवाज तुझ्याच खिशात राहतो, गावोगावच्या साउंडवाल्याच्या मर्जीवर नाही. विकत घेण्याआधी त्यावर ग्राउंड लिफ्टचं (सुराच्या केबलचं ग्राउंड तोडणारं) बटण आहे का बघ.

ते बटण का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. घूं-घूं आली की कुणीतरी शहाणा ॲम्पच्या प्लगची जाड अर्थिंगची पिन काढून टाकतो. घूं थांबते. पण आता ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंटला जमिनीत जायची वाटच राहत नाही. तो तुझ्या तारांत येतो, कारण तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. तू कोरससाठी माइकला ओठ लावलास आणि माइकचं ग्राउंड नीट असलं, की तो करंट तुझ्या छातीतून जाणार. मी स्वतः असा झटका खाल्लाय, एका गावच्या यात्रेत, पावसाने ओल्या झालेल्या स्टेजवर. दात आपटले, डावा हात दहा मिनिटं बधिर होता. नशीब की तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून साउंड चेकला पहिलं काम हे: बेस गळ्यात, तार हातात धरायची नाही, आणि टेस्टरचं टोक आधी माइकच्या जाळीला, मग बेसच्या ब्रिजला लावायचं. दिवा लागला की जनरेटरवाल्याला बोलवायचं, अर्थिंगचा रॉड ठोकून त्यावर पाणी ओतायला लावायचं. तोपर्यंत वाजवायचं नाही. आयोजक ओरडले तरी नाही. अर्थिंगची पिन कधीही काढायची नाही, घूं आली तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट वापरायचं.

जुना बेस घ्यायचा विचार असेल तर सांगली-मिरजेत एक गोष्ट जास्तीची बघावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा तळमजल्यावरची कितीतरी वाद्यं पाण्यात गेली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्यातली काही वाद्यं वाळवून, पुसून आजही विकायला येतात, आणि घेणाऱ्याला सांगितलं जातंच असं नाही. मागची झाकणं उघडून बघ. स्क्रूच्या घरात तांबूस गंज, पोकळीत मातीचा बारीक थर, नेकच्या सांध्यापाशी फुगलेलं लाकूड, यातलं काही दिसलं तर रंग कितीही चकचकीत असला तरी सोडून दे. बाकी तपासणी नेहमीचीच: नेक टोकाकडून बघून पिळलेला नाही ना, ट्रस रॉड फिरतो ना, बटणं फिरवताना कचकच येते का (आली तरी हरकत नाही, ती साफ होतात). आणि सगळ्यात बारीक तारेवर, म्हणजे 'जी'वर, पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये प्रत्येक सूर लांब धरून बघ. बहुतेक बेसवर तिथे एखादा सूर लवकर विझतो. थोडा चालतो. फारच लवकर मरत असेल तर दुसरा बघ.

तुझ्या ४५ हजारांचा हिशोब मी असा घालीन. बेसला २०-२५, प्रीॲम्प-डीआयला सात-आठ, तारांचे दोन संच, रुंद पट्टा आणि दोन चांगल्या केबल मिळून सहा. उरतील ते ठेवून दे. वर्षभराने त्यात भर घालून स्टेजवर स्वतःला ऐकू यायला छोटा मॉनिटर ॲम्प घे, तेव्हा तुला नेमकं काय ऐकायचंय ते कळलेलं असेल.

ग्रुपमधल्या पोरांशी वाद घालत बसू नकोस. पाच तारांवाल्यांनाच बोलाव. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी दुपारी सांगलीला ये, कीबोर्डवाल्याला आणि ढोलकीवाल्याला बरोबर आण. तुझा जुना बेस आणि रोजची केबल घेऊन ये, नव्या तारा मी आणून ठेवतो. आधी तुझ्याच बेसवर तारा चढवू, नेक नीट करू, मग पाच तारांचा शेजारी लावू आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवू.